मापसाहेबांची हलकी सायकल

मित्रांनो, नावाने मी सायकल आहे, पण जन्मापासून आजवर वीतभरही पुढे गेलेली नाही. यात माझा आळस नाही. मला मागचं चाक दिलेलंच नाही आणि पुढचं जे आहे ते जमिनीला टेकत नाही. मला व्यायामाची सायकल म्हणतात. माणसं माझ्यावर चढतात, पाय मारतात, धापा टाकतात आणि जिथे चढली तिथेच उतरतात. आता माझा रंग उडाला आहे, मुठींचं रबर चिकट झालं आहे आणि पायडल फिरताना गुडघे धरल्यासारखा आवाज येतो. या वयात सगळेच आठवणी सांगतात. मीही सांगते.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. एकाने सांगाडा जोडला, दुसऱ्याने जड चाक बसवलं आणि एका बाईने त्या चाकावरून कापडी पट्टा ओढून त्याला घट्ट-सैल करायची कळ लावली. कळ आवळली की पट्टा चाकाला धरतो आणि पायडल जड होतं. सोडली की हलकं. आमच्या जातीची सगळी अब्रू या कळीत असते. शेवटी एका तपासनिसाने माझ्या पोटावर 'तपासली' असा कागद डकवला. त्याने काही तपासलं नव्हतं, त्याला जेवायला जायची घाई होती. पण कागद मात्र अगदी सरळ डकवला. मग मला आडवी निजवून ट्रकने दुकानात नेलं. माझ्या आयुष्यातला खरा प्रवास तेवढा एकच, आणि तोही झोपून झाला.

दुकानातून मला ज्यांनी घेतलं त्यांना सगळी गल्ली मापसाहेब म्हणायची. ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानीची लोखंडी वजनं आणि तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर दंड करायचा, हे त्यांचं काम. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाचं गुंजभर खोटं चालवून घेतलं नाही. स्वतःच्या घरातल्या वजनकाट्यावर मात्र ते कधी चढले नाहीत. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "साहेब, रोज चालत जा." साहेबांनी विचारलं, "कुठे?" डॉक्टर म्हणाले, "कुठेही." ज्या जागेचा पत्ता नाही तिथे जायला साहेब तयार नव्हते. म्हणून मी आले.

पहिल्या दिवशी माझं कौतुक काय वर्णावं. शेजारीपाजारी बघायला आले, चहा झाला, साहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्यावर बसले आणि भाषण करावं तसे पाय मारू लागले. आठवडाभर माझे लाड झाले. मग एके दिवशी काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, माझ्या मुठीवर टॉवेल टाकला. "तात्पुरता हं," असं त्या मलाच म्हणाल्या. मित्रांनो, घरात तात्पुरतं म्हणून जे येतं, त्याच्याइतकं कायमचं दुसरं काही नसतं. टॉवेलामागून शर्ट आले, शर्टांमागून स्वेटर, आणि एका थंडीत धुतलेली ओली रजई माझ्या अंगावर पडली. तिचं पाणी दोन दिवस माझ्या सांध्यांत मुरलं. कळीचे आटे गंजले आणि झडून गेले. वरून ती होती तशीच दिसायची. फिरवली तर गरगर फिरायचीही. पण पट्ट्याला त्याचा पत्ता नसे. ही गोष्ट घरात कोणालाच कळली नाही, कारण ती कळायला कोणीतरी माझ्यावर बसावं लागतं. पाहुणे विचारत, "साहेब, सायकल वापरता ना?" साहेब म्हणत, "रोज." त्यात खोटं काही नव्हतं. खोटं न बोलता उत्तर देण्याची कला नोकरीत आपोआप येते.

मला गॅलरीत ठेवलं होतं, त्यामुळे गल्लीतली समोरची दोन दुकानं मला दिसत. एक होतं शेठचं, किराणा मालाचं. फार वर्षांपूर्वी साहेबांनी या शेठला दंड केला होता, कारण त्याचं एक वजन खालून पोकळ निघालं होतं. शेठ म्हणे, वजन झिजलं. साहेब म्हणत, वजन बाहेरून झिजतं, आतून नाही. तेव्हापासून दोघांत अबोला नव्हता, त्याहून वाईट होतं. दोघं एकमेकांशी गोड बोलत.

"या साहेब," शेठ दुकानातून हाक मारायचे, "साखर तोलू, की आधी मला तोलताय?"

"तुम्हाला नको, शेठ. तेवढी हलकी वजनं खात्याकडे नाहीत."

आणि घरी आल्यावर साहेब ती साखर पुन्हा तोलून बघत.

दुसरं दुकान शिलाईचं. तिथे मास्तर कापड बेतायचे आणि त्यांची बायको, गल्लीच्या टेलरबाई, शिवायच्या. त्यांचं पायाने चालवायचं मशीन मला वरून दिसे. मनातल्या मनात मी त्याला भाऊ मानलं होतं. तोही माझ्यासारखाच, कितीही पाय मारा, जागचा हलायचा नाही. फरक एवढाच, की त्याच्यातून सदरे बाहेर पडत आणि माझ्यावर ते वाळत.

एके दिवशी तो आवाज थांबला. टेलरबाईंना कॅन्सर झाला होता. बरा होण्यासारखा होता, तसं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि औषधोपचारांचा मोठा भार इस्पितळच उचलणार होतं. पण इस्पितळ दूरच्या शहरात आणि उपचार कित्येक महिन्यांचे. तिथे खोली घेऊन राहायचं, मास्तरांनी सोबत थांबायचं, म्हणजे इथलं दुकान बंद. मग खोलीचं भाडं कशातून द्यायचं? नवराबायकोने ठरवलं, मशीन विकायचं. जुन्या मशीनचा व्यापारी सोमवारी गाडी घेऊन येणार होता. गल्लीतले सगळे भेटून गेले आणि निघताना प्रत्येक जण म्हणाला, "काही लागलं तर सांगा." इतक्या जणांनी हे म्हटलं की त्या बिचारीला खरंच काही लागलं असतं, तर सुरुवात कोणापासून करावी हेच कळलं नसतं.

आमच्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये रोज सकाळी बायकांचा व्यायामवर्ग भरे. शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीबाई तो घेत. या वर्गात हातापायांपेक्षा जिभेला व्यायाम जास्त होई, पण हजेरी कधी चुकत नसे. काकू जात आणि आजारी पडेपर्यंत टेलरबाईही जात. एका संध्याकाळी पीटीबाई काकूंना घेऊन शिलाईच्या दुकानात शिरल्या. गल्ली अरुंद आणि पीटीबाईंचा आवाज मैदानावरचा. मला गॅलरीत सगळं ऐकू आलं.

"मशीन विकलंस, तर बरी होऊन आल्यावर करशील काय?"

"आधी बरी तर होऊ दे, बाई. मग बघू."

"आपला वर्ग मिळून भाड्याचं बघतो."

"नको. फुकटचा मी कोणाकडून दोरासुद्धा घेतलेला नाही."

"फुकट कोण देतंय? रविवारी दिवसभर आम्ही हॉलमध्ये सायकली चालवणार. जो जितका वेळ चालवेल, तितकं त्याच्या नावावर लोक देणार. घाम गाळून आणणार आहोत."

"घाम तुमचा. त्यात माझं काय?"

मग काकू म्हणाल्या, "अगं, गल्लीतल्या सगळ्या सायकलींच्या सीटा फाटल्यात. बसणार कशावर आम्ही? तू गाद्या शिवून दे. मजुरी समज."

"किती सायकली आहेत?"

"घरटी एक. चालू एकही नाही."

टेलरबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण मास्तर कात्री ठेवून बघायला लागले. "सीटांची मापं पाठवा," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठेवते. भाडं पुरलं तर पुरलं. नाही पुरलं तर सोमवारी मशीन जाणार. उसनवारी मला जमायची नाही."

झालं. रविवारी सकाळी गल्लीतून सायकली निघाल्या. वर्षानुवर्षांचे कपडे आमच्या अंगावरून उतरले आणि बाहेरचा उजेड बघून आम्ही डोळे मिचकावले. लोकांनी आम्हाला इतक्या आनंदाने दिलं की काहींनी "परत आणायची घाई नाही" असंही सांगितलं. हॉलमध्ये आम्हाला ओळीने उभं केलं. प्रत्येकीच्या सीटवर चिंध्या भरलेली, रंगीत तुकड्यांची मऊ गादी होती. टेलरबाई स्वतः दारापाशी खुर्चीत बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, पण नजर शिवणीवर. एका गादीचा टाका उसवलेला दिसला तशी त्यांनी सुई मागवली.

पीटीबाईंनी लोकांकडे पैसे मागितलेच नाहीत. त्या म्हणाल्या, "इस्पितळाजवळच्या खोलीचा एक दिवस कोण घेतो?" मग कोणी एक दिवस घेतला, कोणी तीन, दूधवाल्याने चार. साहेबांना बसवायचा विचार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. माझे मालक म्हणून ते नुसते माझ्या शेजारी उभे होते. ते शेठने पाहिलं.

"काय साहेब, सायकल तुमची आणि तुम्ही उभे?"

"बसेन की."

"मग ऐका रे सगळे. साहेब पाय न थांबवता जितके तास काढतील, तितके आठवडे खोलीचं भाडं माझ्याकडे."

हॉल हसला. शेठना उदार असं कोणी कधी म्हटलं नव्हतं, पण या उदारपणात त्यांना धोका दिसत नव्हता. कोपऱ्यावरचं वर्तमानपत्रसुद्धा साहेब दुसऱ्याकडून मागवत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब म्हणाले, "ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा सगळ्यांसमोर बोला."

शेठ पुन्हा बोलले, जरा जास्तच मोठ्याने.

पीटीबाईंची शिट्टी वाजली. बाकीच्या सायकलींवर बायका आलटूनपालटून बसत होत्या. एकीचं सांगून संपलं की दुसरी चढे. साहेब एकटेच होते. पाव तास गेला, अर्धा गेला, एक तास झाला. साहेबांचे पाय चालूच. दुसरा तास लागला तशा बायका टाळ्या वाजवू लागल्या, आणि शेठना दुकानात चैन पडेना. ते चहा घेऊन आले.

"दोन मिनिटं पाय सोडा साहेब, चहा निवतोय."

"असाच घेतो," म्हणून साहेबांनी पाय मारत मारत चहा प्यायला.

"नाही, तुम्हाला शुगर आहे ना, म्हणून म्हटलं."

"कमी आहे. तुमच्या दुकानाची कृपा."

तिसऱ्या तासाला शेठने हिशेब करायला बोटं वापरायला सुरुवात केली. आणि नेमक्या त्याच वेळी साहेबांनी स्वतःच्या शर्टाच्या पाठीला हात लावून पाहिला. शर्ट कोरडा होता. मित्रांनो, आता माझं बिंग फुटणार होतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली, त्याला आपला घाम कुठे गेला हा प्रश्न पडणारच. त्यांनी कळ आवळली. ती गरगर फिरली. पुन्हा आवळली, पुन्हा फिरली. मग त्यांनी वाकून पट्ट्याखाली बोट घातलं, आणि बोट सहज पलीकडे गेलं. इतका वेळ ते हवेत पाय हलवत होते.

काकूंच्या लक्षात आलं. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, कोणाला कळलंय? चालू द्या. चांगल्या कामासाठी आहे."

"चांगल्या कामाला वापरलं म्हणून खोटं माप खरं होत नाही," साहेब म्हणाले. पण पाय थांबवायच्या आधी त्यांनी दाराकडे पाहिलं. "टेलरबाई, सायकल हलकी आहे. हे तास खरे नाहीत. मी थांबलो, तर तुमचं नुकसान आहे."

हॉलमधल्या सगळ्या पायडलांचा आवाज मंदावला. टेलरबाईंनी हातातली सुई गादीत टोचून ठेवली.

"साहेब, मी कोणाचं कापड चोरून कमी घेराचा झगा शिवला नाही. तुम्ही माझ्यासाठी का शिवता?"

साहेबांनी पाय थांबवले. मग शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, माझं माप खोटं आहे. मागचे तास धरू नका."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला शेठ काय वाटेल ते देतील असं सगळ्यांना वाटे. शेठ पुढे झाले. त्यांनी वाकून एका हाताने माझं पायडल फिरवून पाहिलं. "हलकी आहे," एवढं म्हणाले आणि हॉलबाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, गेले जिंकून. पण ते परत आले, आणि त्यांच्या हातात सुतळीचा तुकडा आणि एक लोखंडी वजन होतं.

"हे पट्ट्याला टांगा. पट्टा खाली ओढला की चाक धरेल. वजन खरं आहे, शिक्का तुमचाच आहे."

साहेबांनी चष्मा लावला, वजन उलटं केलं, शिक्का पाहिला आणि सवयीने खालून बोटही फिरवलं. "खरं आहे," ते म्हणाले. माझ्या माहितीप्रमाणे शेठच्या कोणत्याही गोष्टीला साहेबांनी असं म्हणण्याची ती पहिली वेळ.

"मागचे तास धरत नाही हं," शेठ म्हणाले.

"धरू नकाच."

"मग करा सुरू."

वजन टांगलं आणि पट्ट्याने चाक धरलं, तेव्हा मला माझी जवानी आठवली. आता पायडल मारायला माणूस लागत होता. अर्ध्या तासात साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. एक तास झाला तेव्हा ते बोलायचे थांबले. काकू पंख्याने वारा घालत होत्या आणि अधूनमधून रागावत होत्या, म्हणजे त्यांना काळजी वाटत होती. शेठ आता दुकानात गेलेच नाहीत. खुर्ची ओढून माझ्या चाकापाशी बसले. कोणीतरी चिडवलं, "शेठ, गेला अजून एक आठवडा." शेठ म्हणाले, "जाऊ दे. वजन माझं आहे. बघू देत लोकांना, कसं ओढतंय ते."

ऊन उतरलं आणि साहेबांचे पायही उतरले. पायडल एका जागी येऊन अडखळे, मग कसंबसं पुढे जाई. आता थांबणार, हे मला कळलं. शेठनाही कळलं.

"साहेब, माझ्या दुकानावर धाड घातलीत, तेव्हा कोठीचा जिना एका दमात चढला होतात."

"तेव्हा... राग होता."

"आता आणा."

"येत नाही."

शेठने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची आणखी पुढे ओढली आणि म्हणाले, "ते वजन झिजलेलं नव्हतं. मी मुद्दाम पोखरून घेतलं होतं."

साहेबांचे कान लाल झाले. पायडल एकदम असं फिरलं की वजन हिंदकळलं.

"मला... माहीत होतं."

"हो, पण मी कबूल कुठे केलं होतं?"

"किती... वर्षं... वापरलंत?"

"सांगतो की. पाय मारा, सांगतो."

आणि ते सांगत राहिले. कोणाला किती डाळ कमी दिली, कोणत्या लग्नाच्या साखरेत किती मारली. साहेब पाय मारत राहिले, दात ओठ खाऊन, पीटीबाईंची शेवटची शिट्टी होईपर्यंत. उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. त्यातले एक शेठ होते.

पीटीबाईंनी सगळ्यांचे दिवस मोजले. थोडे कमी पडले. मास्तर उठून टेलरबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. त्या म्हणाल्या, "खूप केलंत सगळ्यांनी. उद्या व्यापारी येईल, त्याला मी..."

"थांबा जरा," शेठ म्हणाले. "माझे वडील माप दिल्यावर वरून एक मूठ घालायचे. सगळ्यांना. ती मूठ मी बंद केली. सकाळचे हलके तास त्या मुठीत धरा."

साहेब भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्या मुठीला कायद्यात हरकत नाही."

सोमवारी व्यापारी आला. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि रिकामी गाडी परत पाठवली.

पुढचे महिने दुकान बंद होतं, पण मेलेलं नव्हतं. किल्ली व्यायामवर्गाकडे होती. रोज एक बाई जाऊन मशीन पुसायची, तेल घालायची आणि दोन-चार पाय मारून यायची. तिकडे टेलरबाईंचे केस गेले, वजन गेलं, भूक गेली आणि मग एकेक करून तिन्ही परत येऊ लागली. त्या घरी आल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाय हलते ठेवा, पण बेताने. म्हणून साहेबांनी माझी कळ नवीन बसवून घेतली आणि मला शिलाईच्या दुकानात पोचवलं. आता माझा भाऊ आणि मी शेजारी शेजारी उभे असतो. सकाळी टेलरबाई त्याच्यावर पाय मारतात, संध्याकाळी माझ्यावर. माझ्या अंगावर कोणी कपडे वाळत घालत नाही. दुकान कपड्यांचंच असल्यामुळे त्यांना जागेची टंचाई नाही.

परवा साहेब विजार अल्टर करायला आले. रोज व्यायामवर्गात जातात, बायकांच्या शेवटच्या रांगेत उभे राहतात, त्यामुळे कंबर बरीच उतरली असणार असा त्यांचा अंदाज होता. टेलरबाईंनी टेप गुंडाळली. साहेबांनी पोट आत ओढलं आणि छताकडे पाहिलं. टेलरबाई थांबून राहिल्या. बराच वेळ दोघंही तसेच उभे.

"श्वास सोडा, साहेब," त्या म्हणाल्या. "मला विजार शिवायची आहे, तुम्हाला पास करायचं नाही."

साहेबांनी श्वास सोडला. टेप सरकली. मास्तरांनी आकडा न बोलता लिहिला, आणि शेठच्या दुकानातून कोणीतरी खाकरलं.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला फार मोठी शहाणपणाची गोष्ट सांगता येणार नाही. एवढंच सांगते. तुमच्या गल्लीत कोणाच्या घरी मोठं आजारपण आलं, कोणाचं दुकान बंद दिसलं, तर त्यांनी बोलावण्याची वाट बघू नका. पाय तुमचे आहेत, ते उचला आणि तेलाची बाटली घेऊन जा. कुठे घालायचं ते तिथे गेल्यावर दिसतं.